सुविचारांची वही घेऊन इंग्लंडात

वाईच्या शाळेत मी ३१ वर्षं मराठी आणि इंग्रजी शिकवलं. त्यातली बहुतेक वर्षं परिपाठाआधी व्हरांड्यातल्या फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडे होतं. रंगीत खडूची चौकट, मध्ये वाक्य, खाली एक रेघ ओढून नाव. तुकोबा, विनोबा, बाबासाहेब यांच्या जोडीनं जॉन्सन, चर्चिल, न्यूटन हेही त्या फळ्यावर येऊन गेले. सगळी वाक्यं मी एका दोनशेपानी वहीत उतरवून ठेवत असे. निवृत्तीनंतर ती वही चाळताना जाणवलं, की तुकोबांचा अभंग लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे देहू असायचं, इंद्रायणीचा डोह असायचा. या इंग्रज मंडळींच्या वाक्यांमागे मात्र काहीच नव्हतं. कोण कोणाला म्हणालं, कुठल्या घरात, कशावरून, याचा पत्ताच नाही.

भाची लंडनजवळ राहते. "मावशी, जूनमध्ये ये, दिवस मोठा असतो, हवं तिथे हिंडता येईल," असा तिचा आग्रह बरीच वर्षं होता. वही पिशवीत टाकली आणि निघाले.

दिवस पहिला : गफ स्क्वेअर

फ्लीट स्ट्रीट म्हणजे एकेकाळची वर्तमानपत्रांची पेठ. तिथून एका अरुंद बोळात वळलं, की गाड्यांचा आवाज पाठीमागे राहतो. आणखी दोन वळणं घेतली आणि समोर विटांचं चौकोनी, उंच घर आलं. नंबर १७. डॉ. सॅम्युअल जॉन्सन १७४८ पासून १७५९ पर्यंत इथे राहिले आणि इथेच त्यांनी इंग्रजी भाषेचा तो प्रसिद्ध कोश रचला.

दाराला आतून जाडजूड साखळी आहे. कर्जाचा तगादा आणि चोर, दोन्हींची भीती असलेल्या माणसाचं हे घर. जिना चढत चढत पार वर, माळ्यावर गेले. छत उतरतं, खोली लांबट, दोन्हीकडून उजेड. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनं या माळ्याचं बरंच नुकसान झालं होतं, नंतर तो दुरुस्त केला. इथे सहा लेखनिक बसत. जॉन्सन पुस्तकं वाचत, हवं ते वाक्य पेन्सिलनं खुणावत आणि लेखनिक ते चिठ्ठीवर उतरवून घेत. १७४६ मध्ये पुस्तकविक्रेत्यांशी १,५०० गिनींचा करार झाला, त्यातूनच लेखनिकांचा पगार भागवायचा होता. फ्रेंच अकादमीच्या ४० पंडितांना जे करायला ४० वर्षं लागली, ते तुम्ही तीन वर्षांत कसं करणार, असं कोणीतरी विचारलं. जॉन्सननी हिशेब मांडला: चाळीस गुणिले चाळीस सोळाशे, तेव्हा तीनास सोळाशे हे इंग्रजाचं फ्रेंचाशी प्रमाण! प्रत्यक्षात नऊ वर्षं लागली. १७५५ मध्ये दोन मोठ्या खंडांत कोश बाहेर पडला, त्यात ४२,७७३ नोंदी होत्या. मराठीसाठी मोल्सवर्थनं असाच डोंगर उपसला. त्याच्या कोशाची पानं आयुष्यभर उलटल्यामुळे या माळ्यावर माझे हात आपोआप जोडले गेले.

वहीत 'ओट' या शब्दाची जॉन्सननी केलेली व्याख्या होती: इंग्लंडात जे धान्य घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं ज्यावर जगतात. मुलांना सांगितली की वर्ग हसायचा. माळ्यावर आल्यावर तीच व्याख्या वेगळी वाटली. त्या सहा लेखनिकांपैकी पाच जण स्कॉटिश होते. म्हणजे ही चेष्टा रोज शेजारी बसणाऱ्यांची होती. आणि पुढे त्यांच्यातला जो जो अडचणीत आला, त्याला जॉन्सननी हात दिला. एकाच्या तर अंत्यविधीचा खर्चही केला. पाठीमागे कोणी उभा राहणारा असेल तर त्याची थट्टा वेगळी लागते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे.

शिक्षक म्हणून मला सर्वांत मोलाचा प्रसंग घोड्याच्या पायाचा वाटतो. खुराच्या वरच्या भागाला असलेला एक शब्द कोशात चुकून 'घोड्याचा गुडघा' असा दिला गेला. एका बाईंनी विचारलं, असं का लिहिलंत? उत्तर आलं, "अज्ञान, बाईसाहेब, निव्वळ अज्ञान." साऱ्या देशाला शब्दांचे अर्थ सांगणारा माणूस एवढं सरळ बोलू शकतो! मी शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य लावायला हवं होतं.

पण या घरातलं माझ्या मनात घर करून राहिलेलं लिखाण म्हणजे एक पत्र. कोशाचं काम सुरू झालं, तेव्हा लॉर्ड चेस्टरफील्ड या उमरावाकडून आधार मिळेल अशी आशा होती. जॉन्सन त्याच्या दिवाणखान्याबाहेर तिष्ठले, दारातून परतले. कोश तयार झाल्यावर या लॉर्डसाहेबांनी त्याची स्तुती करणारे दोन लेख लिहिले. ७ फेब्रुवारी १७५५ च्या पत्रात जॉन्सन विचारतात: पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्याकडे जो निवांत बघत राहतो आणि तो काठाला लागल्यावर मदतीचं ओझं त्याच्या अंगावर टाकतो, त्यालाच आश्रयदाता म्हणतात ना? एवढं मी फळ्यावर लिहिलं होतं. त्याच्या पुढची ओळ मी कधी वाचलीच नव्हती. आपली दखल वेळेवर घेतली असती तर ती कृपा ठरली असती. पण आता मला तिचं सुख राहिलेलं नाही, मी एकटा आहे, ते कोणाला वाटून देऊ शकत नाही. पत्नी टेटी १७५२ मध्ये गेली होती. कोश पुरा झालेला पाहायला ती नव्हती. तो टोमणा सगळ्या जगानं उचलला, आणि शेजारचा 'एकटा' हा शब्द पत्रातच राहून गेला.

बाहेर चौकात हॉज या त्यांच्या मांजराचा पुतळा आहे, कोशावर बसलेला, शेजारी कालवांचे शिंपले. कालवं आणायला जॉन्सन स्वतः बाजारात जात. नोकरांना मांजराची सेवा करायला लावली, तर त्यांच्या मनात मुक्या जनावराबद्दल राग धरेल, ही काळजी. भाची म्हणाली, "मावशी, अगं सहा वाजले." उन्हं अजून तशीच होती.

दिवस दुसरा : वेस्टमिन्स्टर

सकाळी ॲबेत गेलो. कवींच्या कोपऱ्यात जॉन्सनच्या थडग्याची फरशी शोधली आणि शेजारी नाव वाचून थबकले. डेव्हिड गॅरिक, त्या काळचा सर्वांत मोठा नट. तो जॉन्सनचा विद्यार्थी. तरुणपणी जॉन्सननी लिचफील्डजवळ शाळा काढली होती, तिला मोजकीच मुलं मिळाली आणि ती बंद पडली. मग १७३७ मध्ये गुरू-शिष्य मिळून नशीब काढायला लंडनला आले. आता दोघं शेजारी शेजारी. शाळा चालली नाही, पण शिष्य जवळ राहिला. मी तिथे जरा जास्तच वेळ उभी होते.

दुपारी पार्लमेंट स्क्वेअर. चर्चिलचा भला मोठा पुतळा, अंगावर लष्करी कोट, हातात काठी. माझ्या वहीत सर्वाधिक वाक्यं याच माणसाची. "रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम याखेरीज माझ्यापाशी द्यायला काही नाही," हे १३ मे १९४० चं वाक्य मला अजूनही थोर वाटतं. जर्मन फौजा फ्रान्सवर चालून आलेल्या असताना संसदेत उभं राहून खोटा दिलासा न देणं सोपं नव्हतं. जवळच जमिनीखाली त्यांचं युद्धकाळातलं कार्यालय जपून ठेवलं आहे. तिथे मंत्रिमंडळाच्या खोलीत त्यांच्या खुर्चीच्या हातांवर ओरखडे दिसतात. बाहेर एवढा धीर देणारा माणूस आत बसून लाकूड ओरबाडत होता.

पण त्याच चौकात, थोड्या अंतरावर, गांधीजी उभे आहेत. १४ मार्च २०१५ ला या पुतळ्याचं अनावरण झालं. याच गांधींना १९३१ मध्ये चर्चिलनी 'अर्धनग्न फकीर' म्हणून हिणवलं होतं. तेव्हाच्या श्रोत्यांना तीही चतुराई वाटली असेल. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसं अन्नावाचून मेली. १९४४ च्या जुलैमध्ये व्हाइसरॉय वेव्हेलनी रोजनिशीत नोंदवलं, की गांधी अजून मेले कसे नाहीत, असं विचारणारी चिडखोर तार चर्चिलकडून आली. हे वाचल्यापासून माझ्या वहीतल्या त्या पानांवरची शाई मला वेगळी दिसते. शब्दांवर हुकमत असणं आणि शहाणपण असणं या दोन गोष्टी आहेत, आणि मी त्या ३१ वर्षं एकाच चौकटीत लिहीत आले.

त्याच महिन्यात, १७ जुलै १९४४ ला, गांधीजींनी चर्चिलना पत्र लिहिलं. तुम्ही मला नंगा फकीर म्हणालात असं कळतं. फकीर होण्याचा, आणि तोही नंगा, मी दीर्घकाळ प्रयत्न करतो आहे, ते फार कठीण काम आहे. तेव्हा तुमच्या मनात नसली तरी ही मी स्तुतीच समजतो, असा त्याचा आशय. पुढे विनंती केली, की माझ्यावर विश्वास ठेवा आणि दोन्ही देशांच्या भल्यासाठी माझा उपयोग करा. हे पत्र लिहिलं गेलं पाचगणीत. आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजी त्या पावसाळ्यात हवापालटासाठी तिथे होते. वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी! टेबललँडवर मी किती सहली नेल्या, मुलांना घोडे दाखवले, स्ट्रॉबेरी खाऊ घातल्या. हे एक वाक्य मात्र सांगितलं नाही.

चौकातून निघताना मिलिसंट फॉसेट यांच्यासमोर थांबलो. २०१८ मध्ये उभारलेला हा या चौकातला स्त्रीचा पहिला पुतळा. दोन्ही हातांत त्यांनी कापड धरलं आहे, त्यावर त्यांचंच वाक्य: धैर्य सर्वत्र धैर्याला साद घालतं. मताधिकारासाठी झगडताना १९१३ च्या डर्बी शर्यतीत राजाच्या घोड्यापुढे गेलेल्या आणि त्यात प्राण गमावलेल्या एमिली डेव्हिसन यांच्याविषयी ते लिहिलेलं आहे. फॉसेट यांचा मार्ग सनदशीर, डेव्हिसन यांचा जहाल. मार्ग न पटूनही मृत्यूनंतर असं लिहिलं. हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत घेतलं.

दिवस तिसरा : चॉटन आणि विंचेस्टर

वॉटर्लूहून ऑल्टनची गाडी, मग पायी चॉटन. कादंबरीकार जेन ऑस्टिन १८०९ पासून इथे आई, बहीण आणि एका मैत्रिणीबरोबर राहिल्या. जेवणाच्या खोलीत खिडकीशी त्यांचं लिहायचं टेबल आहे. आपल्याकडे पाणी भरलेला तांब्या आणि दोन भांडी ठेवली तर भरून जाईल, एवढंच. घरच्यांची आठवण अशी, की खोलीचं दार कुरकुरायचं आणि ते दुरुस्त करू देत नसत, कारण कोणी आलं तर कागद झाकायला वेळ मिळे.

'दोन इंच रुंदीच्या हस्तिदंताच्या तुकड्यावर मी बारीक कुंचल्यानं काम करते' हे त्यांचं वाक्य फार उद्धृत होतं. लेखिकेनं आपल्या कलेची मर्यादा सांगितली, असं मी दहावीच्या मुलांना शिकवलं. ते आहे डिसेंबर १८१६ च्या पत्रात, आणि पत्र आहे भाच्याला. तोही कादंबरी लिहू लागला होता आणि त्याची अडीच प्रकरणं हरवली होती. आत्या लिहिते, बरं झालं मी अलीकडे तुमच्याकडे आले नव्हते, नाहीतर चोरीचा आळ माझ्यावर आला असता. पण तुझी ती जोमदार, मर्दानी चित्रं घेऊन मी काय करणार, माझ्या एवढ्याशा हस्तिदंतावर ती मावणार कशी? हिरमुसल्या पोराची समजूत घालण्यासाठी मोठ्या माणसानं स्वतःला लहान करून घेतलं. मी भाचीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तू माझ्या बारावीच्या निकालाला केलं होतंस तसंच." मला आठवत नव्हतं. तिला होतं.

बसनं विंचेस्टरला गेलो. १८ जुलै १८१७ ला जेन इथे गेल्या, वयाची ४१ वर्षं. कॅथेड्रलमधल्या त्यांच्या थडग्याच्या दगडावर स्वभावाचं, श्रद्धेचं, बुद्धीच्या देणगीचं वर्णन आहे. कादंबऱ्यांचा शब्दही नाही. नंतर १८७२ मध्ये भिंतीवर पितळी पाटी लावून ती उणीव भरून काढली. मृत्यूच्या तीन दिवस आधी त्यांनी विनोदी कविता सांगून लिहून घेतली: घोड्यांच्या शर्यतीला नटून निघालेल्या विंचेस्टरकरांवर तिथला संत स्विदिन चिडतो आणि पाऊस पाडायची धमकी देतो. एवढ्या वेदनेत हे सुचावं!

दिवस चौथा

दिवसभर पाऊस. घरीच बसून वही दुरुस्त केली. 'उत्साह न गमावता एका अपयशाकडून दुसऱ्या अपयशाकडे जाणं म्हणजे यश', खाली चर्चिल, हे वाक्य खोडलं. त्यांच्या लिखाणात किंवा भाषणांत ते सापडत नाही. 'मी दूरचं पाहू शकलो, कारण मी महाकाय माणसांच्या खांद्यांवर उभा होतो' हे न्यूटनचं ठेवलं. फक्त कडेला लिहिलं, की ही उपमा त्यांच्याही आधी काही शतकांची आहे, आणि त्यांनी ती ज्याच्याशी पटत नव्हतं त्या रॉबर्ट हूकला पत्रात लिहिली.

दिवस पाचवा : लिचफील्ड, अटॉक्सिटर

भाचीनं रजा काढून गाडी काढली. लिचफील्ड म्हणजे तीन मनोऱ्यांचं कॅथेड्रल आणि बाजारचौकात जॉन्सनचा खुर्चीत बसलेला पुतळा. समोरच त्यांचं जन्मघर. खाली वडील मायकेल जॉन्सन यांचं पुस्तकांचं दुकान होतं, आजही तळमजल्यावर जुनी पुस्तकं विकायला ठेवलेली असतात. १८ सप्टेंबर १७०९ चा जन्म. पोराला गंडमाळा झाल्या, एका डोळ्यानं जवळजवळ दिसेनासं झालं. राणीच्या स्पर्शानं हा रोग बरा होतो या समजुतीनं अडीच वर्षांच्या लेकराला आईनं लंडनला राणी ॲनकडे नेलं. तेव्हा मिळालेलं सोन्याचं पदक त्यांनी जन्मभर गळ्यात वागवलं. पुढे ऑक्सफर्डला गेले, पैशांअभावी १३ महिन्यांत परतले. फाटके बूट पाहून कोणी दाराशी नवे बूट ठेवले, तर ते त्यांनी भिरकावून दिले.

याच घरात १७५९ च्या जानेवारीत त्यांची म्हातारी आई गेली. जवळजवळ वीस वर्षं ते तिला भेटले नव्हते. तिच्या अंत्यविधीचा आणि देण्यांचा खर्च भागावा म्हणून आठवडाभराच्या संध्याकाळी बसून त्यांनी 'रासेलस' ही कादंबरी लिहून काढली, शंभर पौंड मिळाले. 'माणसाचं आयुष्य जिथे तिथे असंच; सोसायचं फार, भोगायचं थोडं', हे माझ्या वहीतलं वाक्य तिच्यातलं. हीच 'रासेलस' मराठीत आणायला कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी घेतली आणि ते भाषांतर त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी पुरं केलं. त्याच विष्णुशास्त्र्यांनी पुढे 'निबंधमाले'त जॉन्सनवर विस्तारानं लिहिलं. इंग्रजी राज्यावर ज्यांची लेखणी तुटून पडली, त्यांनी या इंग्रजाला मात्र गुरुस्थानी मानलं. पुण्यातल्या एका बापलेकांच्या हातून या दुकानातल्या मुलाचं दुःख मराठीत आलं, हे मला त्या जिन्यात उभं राहून फार जवळचं वाटलं.

पुतळ्याच्या चौथऱ्यावर उठावचित्रं आहेत. त्यातल्या एकात जॉन्सन बोडक्या डोक्यानं मान खाली घालून उभे आहेत. त्या चित्रातल्या गावी, सुमारे तीस किलोमीटरवर, दुपारी पोचलो. अटॉक्सिटर. आठवडी बाजारात मायकेल जॉन्सन इथे पुस्तकांचं पाल मांडत. एकदा त्यांनी मुलाला बरोबर यायला सांगितलं, किंवा आपल्या जागी जायला. त्यानं नकार दिला. पुढे १७३१ मध्ये वडील वारले. सुमारे पन्नास वर्षांनी, साऱ्या देशात नाव झालेलं असताना, जॉन्सन इथे आले आणि भर पावसात, डोक्यावर काही न घेता, वडिलांचं पाल असायचं त्या जागी बराच वेळ उभे राहिले. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी एका तरुण धर्मोपदेशकाला त्यांनी हे स्वतः सांगितलं. नकाराचं मूळ गर्वात होतं, म्हणाले. हे प्रायश्चित्त पुरेसं ठरलं असावं, अशी आशा आहे, म्हणाले.

बाजारचौकात एक लहानशी दगडी वास्तू आहे, तिच्या भिंतीत तोच प्रसंग कोरलेला. आम्ही गेलो तेव्हा फळांच्या गाड्याजवळ दोन बायका भावावरून बोलत होत्या, पोरं सायकली फिरवत होती. ज्या माणसाला बोलण्यात कोणी हरवू शकत नव्हतं, तो इथे एक शब्द न बोलता उभा राहिला होता. वहीत लिहावं असं या जागेत काही नाही. मी तारीखही लिहिली नाही.

दिवस सहावा : ॲशबोर्न

परतीच्या आधी आणखी थोडं उत्तरेला, डर्बीशरमधलं हे टुमदार गाव. जॉन्सनचे शाळासोबती डॉ. टेलर यांचा वाडा चर्च स्ट्रीटवर आहे, समोर जुनी शाळा. वाडा बाहेरूनच पाहिला. १७७७ च्या सप्टेंबरात जॉन्सन आणि त्यांचे चरित्रकार बॉझवेल इथे मुक्कामाला होते. "ज्याला लंडनचा कंटाळा आला, त्याला आयुष्याचा कंटाळा आला," हे लंडनच्या चहाच्या कपांवरही छापलेलं वाक्य लंडनमध्ये नव्हे, इथे, या खेड्यावजा गावात उच्चारलं गेलं. दूर असल्यावरच गाव एवढं आठवतं, हे परदेशी राहणाऱ्या माझ्या भाचीला सांगायला नको.

मी आले होते ते दुसऱ्या वाक्यासाठी. "पंधरा दिवसांत आपल्याला फाशी होणार हे कळलं, की माणसाचं मन विलक्षण एकाग्र होतं." दहावीच्या परीक्षेआधी दर फेब्रुवारीत मी हे सांगायची, आणि पोरं हसायची.

ती फाशी खरी होती. डॉ. विल्यम डॉड नावाच्या धर्मोपदेशकाला बनावट दस्तऐवजासाठी मृत्युदंड झाला. जॉन्सनना या शिक्षेचं वाईट वाटलं. त्यांनी डॉडसाठी अर्ज लिहिले, पत्रं लिहिली, तुरुंगातल्या कैद्यांपुढे वाचायचं प्रवचनही लिहून दिलं, आणि ते डॉडचं म्हणूनच प्रसिद्ध झालं. २७ जून १७७७ ला डॉडला फाशी दिली. सीवर्ड नावाच्या गृहस्थांनी शंका काढली, की एवढं जोरकस लिहिणं डॉडच्या आवाक्यातलं वाटत नाही. त्यावर जॉन्सन म्हणाले होते, असं का वाटावं? आणि मग ते फाशीचं वाक्य. म्हणजे थट्टेच्या आडोशाला त्यांनी आपलं लेखकपण दडवलं होतं. इथे ॲशबोर्नमध्ये बॉझवेलनी त्यांना टोकलं, की तुम्ही लोकांची दिशाभूल केलीत. जॉन्सन म्हणाले, ते लिखाण त्यानं स्वतःचं म्हणून माझ्याकडून घेतलं होतं. मी ते माझं म्हणणार नाही, हे न बोलता दिलेलं वचन होतं.

वाड्यासमोरच्या कट्ट्यावर बसून वही उघडली. वाक्याभोवती जुन्या शाईची चौकट होती, खाली नुसतं 'जॉन्सन'. त्यापुढे लिहिलं: डॉडसाठी, त्याच्या फाशीनंतरही. ॲशबोर्न, १९ सप्टेंबर १७७७. भाचीनं गाडी सुरू केली होती. पेनाची शाई वाळेपर्यंत मी वही उघडीच धरून बसले.